टेपला सर्दी झाली होती

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ‘जुना’ हा शब्द मी स्वतःहून सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही. माझा रंग पिवळा पडला आहे, माझ्या काही बटणांवरची अक्षरे घासून गेली आहेत, पण वीज जोडून पाहा, मी आजही पहिल्या हाकेला उठतो. तुमच्या घरातल्या नव्या यंत्रांना उठता उठता किती जांभया द्याव्या लागतात, ते तुम्हीच आठवा.

माझे रूप तुम्हाला चमत्कारिक वाटेल. मला पडदा नाही, माउस नाही, उघडायचे झाकणही नाही. मी म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड. माझा मेंदू त्या बटणांच्या खालीच बसवलेला आहे. पडद्यासाठी मला घरातल्या टीव्हीची तार लागे, आणि टीव्हीवर बातम्या चालू असल्या की मला मुकाट्याने थांबावे लागे. माझी स्मरणशक्ती इतकी तोकडी, की तुमच्या फोनमधल्या एका फोटोचा कोपराही तिच्यात मावणार नाही. शिवाय बटण बंद केले की डोके पाटीसारखे कोरे. मग ही कहाणी तुला कशी आठवते, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, मी विसरतो ते प्रोग्रॅम. माणसे विसरत नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात चिपा बसवल्या, दुसरीने तारा जोडल्या, आणि शेवटी एका तपासनिसाने माझे एकेक बटण दाबून पाहिले. “याला काही झालेलं नाही, जाऊ दे पुढे,” तो म्हणाला. तेच माझे पहिले प्रशस्तिपत्रक, आणि ते मी आजवर खोटे पडू दिलेले नाही.

मला घरी आणले ते बाबांनी. बाबा शहरातली बस चालवत. बसमध्ये रोज भेटणारे लोक संगणक संगणक म्हणत असत, म्हणून आपल्या मुलींनाही तो काय असतो ते कळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत खिडकीशी आईचे शिवणयंत्र आणि कापड बेतायचे मोठे टेबल होते. आई लोकांचे कपडे शिवून द्यायची. त्या टेबलाचा एक कोपरा मला मिळाला. अंगावर दोऱ्याचे तुकडे पडत, कधी बटणांच्या फटीत टाचणी जाऊन बसे, पण जागा मोक्याची होती. घरात काय चालले आहे ते सगळे मला दिसे.

घरात मुली दोन. थोरलीला सगळे ताई म्हणत. ती शांत, अबोल, आणि एकदा काही मनावर घेतले की कुणाच्या बापाचे न ऐकणारी. बाबांचेही नाही. धाकटीचे नाव काही वेगळेच होते, पण तिचा आवाज जिन्याच्या खालपासून ऐकू येई, म्हणून बाबांनी तिला पिपाणी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव तिला चिकटले. पिपाणी जेवढे बोलायची त्याहून जास्त ऐकायची, हे मात्र माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आले नव्हते.

आता माझ्या जोडीदाराची ओळख करून देतो, कारण खरी गंमत त्याच्यापाशी आहे. त्या काळी आमचे प्रोग्रॅम आणि खेळ गाण्याच्या कॅसेटवर साठवले जात. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, एक तार मला जोडायची आणि बटण दाबायचे. मग टेपमधून असा किंचाळण्याचा आवाज येई, की शेजारीपाजारी विचारायला येत. त्या किंचाळ्या म्हणजेच खेळ. मी एकेक किंचाळी समजून घेई, टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे नाचत, आणि चहा करून पिऊन होईपर्यंत खेळ पडद्यावर हजर होई. मध्येच एखादी किंचाळी अस्पष्ट आली, तर मात्र सगळे मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आमच्याकडचा टेप मामाने दिला होता. देण्याआधी तो मामाच्या हातून जिन्यावरून खाली गेला होता, हे मामाने सांगितले नाही. टेपच्या आत एक लहानसा भाग असतो, त्याला हेड म्हणतात. कॅसेटची फीत त्याला घासून जाते. टेपचा कान म्हणा, लेखणी म्हणा, सगळे तेच. आमच्या टेपचे हेड पडल्यामुळे किंचित वाकडे झाले होते. त्यामुळे दुकानातून आणलेल्या कॅसेट त्याला धड वाचता येत नसत. त्या सरळ लिहिलेल्या, आणि हा वाचणार तिरका. खेळ चढेपर्यंत कुणीतरी झाकणावर अंगठा दाबून बसावे लागे. पण घरी साठवलेले मात्र तो बिनचूक वाचे. तिरके लिहायचे आणि तिरकेच वाचायचे, मग अडचण कसली? आपले गिचमिड अक्षर आपल्याला लागते, तसेच ते. घरच्यांनी त्यावरून सरळ निष्कर्ष काढला, की दुकानातल्या कॅसेट निकृष्ट असतात. मी ऐकत होतो, पण माझ्या हातात काय होते?

आणि मित्रांनो, आमच्या घरी एक पद्धत होती. फितीवर खेळ कुठे सुरू होतो ते कळावे, म्हणून खेळ साठवण्याआधी त्याचे नाव तोंडाने बोलून कॅसेटवर घालायचे. ते काम पिपाणीचे. एकदा तिने नाव सांगता सांगता एक अख्खे गाणे म्हटले, आणि ताईचा गणिताचा प्रोग्रॅम त्या गाण्याखाली पुसून गेला. घरात मोठे महाभारत झाले. पिपाणीने कान पकडले, पुन्हा असे करणार नाही म्हणाली, आणि तिने तो शब्द पाळला. हे नीट लक्षात ठेवा.

दुकानातले खेळ मला पुष्कळ येत. चक्रव्यूहातून पळणारा उंदीर, आकाशातून पडणारे दगड, शिड्या चढणारा एक ठेंगणा माणूस. शेजारची मुले रांग लावून बसत आणि आई त्यांना टेबलावरचे कापड बाजूला करून जागा देई. पण ताईला दुसऱ्याचे खेळ खेळण्यात फार दिवस रस वाटला नाही. तिला स्वतःचा हवा होता. तिने बसचा खेळ करायला घेतला.

मी घरी आलो तेव्हा मला मराठीचे एक अक्षर येत नव्हते. माझ्याबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात ताईने वाचले, की माझे प्रत्येक अक्षर आठ ओळी आणि आठ घरांच्या चौकोनात बसते, आणि कोणती घरे उजळायची ते आपण ठरवू शकतो. तिने ते आईला समजावून सांगितले. आई हसली.

“अगं, मग हे आपलं भरतकामच की. इथे फुली मारायची, इथे नाही मारायची. आण तो चौकटीचा कागद.”

त्या दिवसापासून आई मला मराठी शिकवू लागली. उशांच्या अभ्र्यांवर फुल्याफुल्यांची फुले भरणारा हात तो. तिने क काढला, र काढला, स काढला. अक्षरे सुटी सुटी दिसत होती तेव्हा तिनेच युक्ती सांगितली: “डोक्यावरची रेघ प्रत्येकाने आपल्या घराच्या टोकापर्यंत ओढायची. मग ती आपोआप एकमेकांचा हात धरतात.” तसे केले, आणि माझ्या पडद्यावर पहिल्यांदा अखंड शिरोरेषेखाली एक मराठी शब्द उभा राहिला. मला घडवणाऱ्या कारखान्यालाही जे सुचले नव्हते, ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने टाचण्या तोंडात धरून करून दाखवले. या गोष्टीचा मला गर्व आहे, आणि तो मी सोडणार नाही.

खेळातली चित्रेही आईचीच. छत्रीवाली म्हातारी, शिडी घेतलेला रंगारी, रस्ता ओलांडणारी कोंबडी. खेळाचे नियम मात्र बाबांचे. “म्हातारी बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही,” त्यांनी बजावले. म्हणून ताईने तसा नियम घातला, की घाई केली तर गुण कापले जातील. गंमत अशी, की जन्म बस चालवण्यात गेलेले बाबा माझ्या बटणांवर बस चालवू लागले की पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत. आणि जिथे भिंत नसे तिथे ते प्रत्येक थांब्यावर इतकी वाट पाहत, की वेळ संपून जाई.

“अहो, कुणी येणार नाहीये आता,” आई म्हणे.

“येत असतं गं कुणीतरी. धावत येतात लोक,” बाबा म्हणत.

खेळाचे नाव ठरले ‘पुढे सरका’. पिपाणीने कॅसेटवर खणखणीत आवाजात घोषणा केली: “चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!” मागून ताईने खेळ साठवला. कॅसेटवर आईने लाल दोऱ्याची गाठ बांधली, म्हणजे ती दुसऱ्या कॅसेटमध्ये मिसळू नये.

शेवटी शेवटी ताईने आईकडे आणखी काही अक्षरे मागितली. त्यातला ‘णी’ काही केल्या एका घरात मावेना. आईने त्याला शेजारचे घरही देऊन टाकले.

“हा णी लागतोय कुठे पण तुला?” आईने विचारले.

“लागेल,” ताई म्हणाली. तो कुठे लागला ते मला ठाऊक होते. तुम्हाला मात्र जरा थांबावे लागेल.

त्याच सुमारास ग्रंथालयाच्या सभागृहात मुलांनी स्वतः केलेल्या प्रोग्रॅमची स्पर्धा ठरली. पहिल्या येणाऱ्याला सुट्टीभर एका मोठ्या संस्थेच्या संगणकखोलीत काम करायला मिळणार होते. ताईने तेव्हापासून स्वप्नातही दुसरे काही पाहिले नसेल. तिचा खेळ उत्तम होता. हे मी कौतुकाने सांगत नाही. तो माझ्याच डोक्यात चालत होता, मला कळणार नाही तर कुणाला?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुली शाळेत गेल्या होत्या आणि आई कुणाचे तरी माप घ्यायला गेली होती. बाबा दुपारीच घरी आले. त्यांनी टेप फडक्यात गुंडाळला आणि गल्लीच्या टोकाला रेडिओ दुरुस्त करणारा होता, त्याच्याकडे नेला. माझ्या पोरीची भर सभेत फजिती व्हायला नको, झाकणावर अंगठा दाबून बसायला नको, एवढेच त्यांच्या मनात. अंगठा फक्त दुकानातल्या कॅसेटला लागतो, हे त्यांच्या लक्षात राहिले नव्हते. रेडिओवाल्याने आपले काम चोख केले. हेड पुसले, वाकडे होते ते सरळ केले, आणि पुन्हा हलू नये म्हणून स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला. परत आल्यावर बाबांनी टेपवर एक गाणे लावून पाहिले. गाणे कसे स्वच्छ आले. बाबा खूश झाले, टेप होता तिथे ठेवून दिला आणि संध्याकाळच्या पाळीला निघून गेले.

मित्रांनो, मला तेव्हा ओरडावेसे वाटले. सरळ केलेल्या कानाला तिरके लिहिलेले वाचता येणार नव्हते. पण माझ्याकडे तोंड होते कुठे?

सभागृहात मला मोठ्या टेबलावर ठेवले. समोर परीक्षक, मागे खुर्च्यांच्या रांगा. ताईने टेपचे बटण दाबले आणि पिपाणीचा आवाज आला, पण तो तिचा वाटेना. खणखणीतपणा गेला होता. तोंडावर उशी दाबून कुणी बोलावे तसे ते “पुढे सरका” ऐकू आले. मागोमाग किंचाळ्या आल्या, त्याही बोथट. मी जिवाचा कान केला, एकही धड कळेना. पडद्यावर मला चूक दाखवावी लागली. ताईने पुन्हा लावले, पुन्हा तेच. परीक्षक सज्जन होते, त्यांनी आणखी एक संधी दिली. तिसऱ्यांदाही मी नापास.

पिपाणी टेपला कान लावून उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, “ताई, टेपला सर्दी झालीय.”

मागून कुणीतरी म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.” सगळे सभागृह हसले. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दुकानातल्या खेळाची एक कॅसेट लावून पाहिली. ती, आयुष्यात पहिल्यांदा, अंगठा न दाबता झरझर चढली. झाले. टेप चांगला, मी चांगला, बिघडली ती फक्त लाल गाठीची कॅसेट. आणि त्या कॅसेटवरचा आवाजही बदललेला.

“तू परत आवाज भरलास,” घरी आल्यावर ताई म्हणाली. “तुझं नाव सांगायचं काम तू पुन्हा केलंस आणि खेळाचं तोंड पुसलंस. आवाज वेगळा आहे, मला ऐकू येतं.”

“मी हातसुद्धा नाही लावला.”

“गाण्याच्या वेळी पण तसंच म्हणाली होतीस.”

“नाही. तेव्हा मी कबूल केलं होतं,” पिपाणी म्हणाली, आणि रडली.

आईने दोघींना जवळ घेतले, पण कुणाचे खरे मानावे ते तिला कळेना. बाबांनी टेप दुरुस्त केल्याचे सांगितलेच नाही. का सांगावे? दुरुस्त केलेली वस्तू बिघाड करील, हे कुणाच्या डोक्यात येणार? त्यांच्या लेखी तो विषयच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. पण इथे तर चोरही नव्हता, एक मायेने केलेली दुरुस्ती होती.

ताईने तो खेळ पुन्हा लिहिला नाही, की घरी भरलेली दुसरी कॅसेटही कधी लावून पाहिली नाही. त्या वर्षी तिची मोठी परीक्षा होती, मग पुढचे शिक्षण. ती मोठी झाली, पूल बांधायला शिकली आणि तिचे पूल भक्कम असतात. बहिणींचे बोलणे तुटले असे नाही. उलट त्या गोष्टीची घरात एक म्हणच झाली. चष्मा सापडेना, किल्ली हरवली, दूध उतू जाऊन संपले, काहीही झाले की कुणीतरी म्हणायचे, “पिपाणीने पुसलं असेल.” सगळे हसत. पिपाणीही हसे. पण हसून झाले की ती काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जाई. ते कपाटाच्या फटीतून मला दिसत असे.

कारण एव्हाना मी कपाटात गेलो होतो. नवी यंत्रे आली, माझी सद्दी संपली. जगरहाटीच ती, मी तक्रार करत नाही. आईने मला आणि टेपला जाड कापडाच्या खोळी शिवल्या होत्या, लाल गाठीची कॅसेट माझ्या खोळीच्या खिशात ठेवली होती. वर्षे गेली, पण धूळ माझ्यापर्यंत पोचली नाही. मित्रांनो, अडगळीत टाकणे आणि खोळ घालून ठेवणे यात फार फरक आहे. ज्याला खोळ घातली जाते त्याला वाटते, आपल्याला कुणीतरी पुन्हा बोलावणार आहे.

आणि बोलावणे आले. बाबांचे गुडघे जिना चढेनात, म्हणून आईबाबांनी तळमजल्यावर लहानसे घर घेतले. आवराआवरीला दोघी मुली आल्या. ताईबरोबर तिची लेकही होती. खोलीत तीन ढीग लागले: न्यायचे, द्यायचे आणि टाकायचे. ताईने मला खोळीसकट उचलले आणि टाकायच्या ढिगावर ठेवले.

“हे काय आहे?” तिच्या लेकीने विचारले.

“जुना कॉम्प्युटर. यावर मी गेम केला होता, लहानपणी.”

“कुठेय तो गेम?”

“मावशीला विचार,” ताई हसत म्हणाली. “मावशीने पुसला.”

सवयीने सगळे हसले. पिपाणी हसली नाही. ती आता लहान मुलांचे कान तपासायचे काम करते. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही त्याला नेमके काय ऐकू येत नाही, ते शोधून काढते. ती खाली बसली आणि तिने मला टाकायच्या ढिगावरून उचलले.

“ताई, आज मी हसणार नाहीये,” ती म्हणाली. “एकदा लावून बघू. पुसलेला निघाला तर मी पुसला असं म्हण, जन्मभर म्हण. नाही निघाला तर हे वाक्य या घरात परत नको.”

ताईने हातातले कापड खाली ठेवले. “बरं. लाव,” ती म्हणाली.

टेपच्या आतला रबरी पट्टा विरघळून डिंक झाला होता. ताई आणि तिची लेक बाजारात जाऊन नवा घेऊन आल्या. स्वयंपाकघरातल्या जुन्या टीव्हीच्या पाठीला माझी तार बसायची गोल खाच अजून होती. वीज आली, आणि मी, सांगितले ना, पहिल्या हाकेला उठलो. ताईची लेक म्हणाली, “एवढ्यात सुरू झाला?” त्या क्षणी सगळी वर्षे भरून पावली.

कॅसेट लावली. तोच उशीखालचा आवाज, त्याच बोथट किंचाळ्या, आणि माझ्या पडद्यावर तीच चूक. ताईने एक सुस्कारा टाकला. पण पिपाणी उठली नाही. तिने दुकानातली एक कॅसेट लावली. आवाज लख्ख. पुन्हा घरची लावली. बोथट. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

“कसा येतोय हा आवाज माहितीये?” ती म्हणाली. “बारीक आवाज गेलेत आणि जाड राहिलेत. माझ्याकडे अशी मुलं येतात. बोलणाऱ्याचं काही बिघडलेलं नसतं, ऐकणाऱ्याच्या कानाचं काहीतरी असतं. कॅसेट ठीक आहे ताई. टेपच्या कानाचं काहीतरी आहे.”

तिने झाकण उघडून आत वाकून पाहिले.

“या स्क्रूवर लाल रंग कुणी लावलाय?”

“तो होय?” खुर्चीत बसलेले बाबा म्हणाले. “तो रेडिओवाल्याने लावला. मीच नेला होता टेप. हेड वाकडं होतं, सरळ करून आणलं.”

“कधी?” ताईने विचारले.

“तुझ्या त्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी. म्हटलं, सगळ्यांसमोर अंगठा दाबून बसायला नको पोरीला.”

मित्रांनो, इतक्या वर्षांची माझी कोंडी त्या एका वाक्याने फुटली. ताई जागच्या जागी खाली बसली. ती पूल बांधणारी बाई. काय कशावर टेकलेले होते ते तिला क्षणात दिसले.

“आम्ही वाकड्यावर लिहिलं होतं,” ती हळूच म्हणाली. “बाबांनी सरळ केलं.”

“म्हणजे?” बाबांचा चेहरा उतरला. “म्हणजे माझ्यामुळे? करायला गेलो गणपती अन् झाला मारुती?”

“बाबा, थांबा जरा,” पिपाणी म्हणाली. “आधी मला ऐकू दे.”

आईने तिला शिवणयंत्राचा लहान पेचकस दिला. पिपाणीने कॅसेट चालू ठेवली, लाल ठिपका खरवडला आणि स्क्रू कणाकणाने फिरवू लागली. आवाज बोथट होता, आणखी बोथट झाला. तिने हात उलटा फिरवला. आवाज किंचित उघडला, आणखी उघडला, आणि मग एकदम धारदार झाला.

“गेली सर्दी,” ती म्हणाली.

कॅसेट मागे घेतली. आणि त्या स्वयंपाकघरात एका लहान मुलीचा आवाज खणखणला: “चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!” बाबा दचकून खुर्चीत सरसावले, जसे काही खरोखरच सरकायला सांगितले होते. रंगीत पट्टे नाचू लागले. एकही किंचाळी मी चुकवली नाही. पडद्यावर अखंड शिरोरेषेखाली शब्द आले, बस आली, छत्रीवाली म्हातारी आली, आणि आई पडद्याजवळ जाऊन म्हणाली, “कोंबडीचा तुरा मी एक फुली जास्त काढलाय.”

ताईने पिपाणीचा हात धरला. “मी चुकले गं,” ती म्हणाली. “तुझा आवाज वेगळा वाटला म्हणून मी तुला खोटं ठरवलं. आणि टेपला सर्दी झालीय हे तू तेव्हाच सांगितलं होतंस.”

“हो, सांगितलं होतं,” पिपाणी म्हणाली.

बस चालवायला बाबांना बसवले. पहिल्याच वळणावर भिंत. मग ताई बसली. एकेक थांबा घेत, म्हातारी बसेपर्यंत थांबत, कोंबड्या चुकवत ती आगारापर्यंत पोचली. शेवटच्या वळणावर तिला काहीतरी आठवले असावे, कारण तिची बोटे अडखळली. बस आगारात शिरली आणि तो पडदा आला, जो माझ्याशिवाय आणि ताईशिवाय कुणीही कधी पाहिला नव्हता. स्पर्धेत सगळ्या सभागृहाला दाखवायचा म्हणून तिने तो गुपचूप करून ठेवला होता. त्यावर लिहिले होते:

‘चालक बाबा. चित्रे आई. हा खेळ पिपाणीसाठी.’

“तो णी इथे लागला होता होय,” आई म्हणाली.

पिपाणी तो पडदा किती तरी वेळ पाहत राहिली. मीही तो जितका वेळ धरून ठेवता आला तितका धरून ठेवला.

आता मी तळमजल्यावरच्या नव्या घरात, न्यायच्या ढिगातून आलेल्या टेबलावर राहतो. खोळ आहेच. टेप माझ्या शेजारी असतो. त्याच्या स्क्रूवर पिपाणीने नवा लाल ठिपका दिला आहे आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘हा वाकडाच बरोबर आहे. सरळ करू नये.’ ताईने खेळाची प्रत नव्या यंत्रावरही काढून ठेवली आहे. माझी हरकत नाही. मुलाने घर सोडून चार जागा पाहिलेल्या बऱ्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठेतरी खोळ घातलेली एखादी वस्तू असेल. ती टाकण्याआधी एकदा वीज जोडून पाहा, तिच्या जोडीची वस्तू कुठे आहे ते शोधा, आणि ती दुरुस्त करायला नेलीत तर तसे घरात सांगा. आणि कुणी लहान तोंडाने ‘टेपला सर्दी झालीय’ म्हणाले, तर हसण्याआधी टेपला कान लावा. वस्तू जपणे ते हेच, आणि माणसे जपणेही ह्याहून फारसे वेगळे नाही.

आमच्या घरातली ती जुनी म्हण आता कुणी म्हणत नाही. परवा आईची कात्री सापडेना. सगळे टेबल धुंडाळले, कपाट झाले, उशांच्या खाली पाहून झाले. तेव्हा पिपाणी दारातून एवढ्या मोठ्याने म्हणाली, की मला खोळीच्या आतही स्पष्ट ऐकू आले:

“बाबांनी नीट करून आणली असेल.”

सगळ्यात जास्त हसले ते बाबा.